देवराईतले चेंडू

दादा,

तुझ्या नंबरावरून फोन आला तेव्हा मी वड्यांचं पीठ मळत होते. फोनवर तुझं नाव दिसलं आणि सवयीनं तोंडातून गेलं, ‘‘किती जण?’’

पलीकडे वहिनी होती. कढईत तेल तापलं होतं, ते आधी खाली उतरवलं. मग म्हटलं, ‘‘बोल.’’

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी आंघोळ करून मी कसालला परत आले होते आणि खानावळ उघडली होती. लोक बोलले. हायवेवरच्या बाजारात बोलायला लोकांना वेळ भरपूर असतो. ‘‘भावाचा बारावा होऊचा आसा, आणि ही वडे तळता.’’ मी म्हटलं, लग्न झालेल्या बहिणीला सुतक तीन दिवसांचं, हा नियम मी केलेला नाही. तुम्हीच केलात. आम्ही दुसऱ्या घरच्या झालो म्हणून आमचं दुःखही लवकर आटपतं असं तुम्हीच ठरवलंत, मग आता वडे खा. माझ्याकडे काम करणाऱ्या दोघी रोजावर आहेत, त्यांची चूल माझ्या चुलीवर पेटते. आणि खरं सांगू, तुझ्या घरात बसून राहणं मला जमत नव्हतं. प्रत्येक जण येऊन तेच विचारत होता, कसं झालं, कधी झालं. मी ते पुन्हा सांगणार नाही. तुला ठाऊक आहे कसं झालं.

वहिनी म्हणाली, ‘‘बायो, येतंस काय गो? राखणीचा काय करूचा ता कोणाक समजना नाय.’’

गावच्या राखणदाराला वर्षाचा नारळ-कोंबडा द्यायचा दिवस तोंडावर आला होता. मी हात धुतले आणि निघाले.

घाटाच्या रस्त्याला लागले की समोर ती डोंगराची भिंत उभी राहते आणि तिच्या पायाशी आपला सडा. लहानपणी तिथे काळा कातळ, पावसात फुटभर गवत आणि गावची गुरं एवढंच होतं. आता तिथे हिरवी मखमल अंथरल्यासारखं गोल्फचं मैदान आहे, मध्ये तळं आहे, आणि पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं छोट्या गाड्यांतून फिरतात. ती विमानानं गोव्याला उतरतात, तिथे दोन दिवस खेळतात, मग डोंगर बघत खेळायला इथे येतात, आणि जाताना मासे खायला मालवणला. मालवणचा रस्ता कसालवरून जातो. त्यामुळे त्यांच्यातले निम्मे माझ्या बाकड्यांवर बसून गेलेले आहेत. हे सगळं तुझं काम. ‘‘बायो, चार पाठवतंय. एक शाकाहारी आसा, त्येका काळ्या वाटाण्याचा सांबारा घाल. आणि तिखट कमी कर गो, मागच्या टायमाक तो माणूस रडलो.’’ मी म्हणायची, तो रडला कारण त्याला आयुष्यात पहिल्यांदा जेवायला मिळालं. तू फोनवर खोऽखो हसायचास, आणि मागे कुणीतरी ‘दादा, आमचा नंबर कधी’ असं हिंदीत विचारत असायचं.

क्लबनं तुला पहिल्या फटक्याच्या जागेशी छत्रीखाली खुर्ची दिली होती. कुठला गट कधी सोडायचा ते तू ठरवायचास. ‘‘म्हणजे एसटी स्टँडवरचा कंट्रोलर,’’ मी म्हटलं होतं. तुला राग आला नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून तू मोठमोठ्या साहेबांना ‘‘चला, फलाट मोकळो करा’’ म्हणायला लागलास आणि त्यांना वाटायचं हा गोल्फचा मालवणी शब्द आहे.

मैदान होण्याच्या बाजूनं मी होते, हे तू कुणाला सांगू दिलं नाहीस. गावात सगळे समजायचे की शहाणी बहीण विरोधात असेल. पण मला गोव्याला हॉटेलात भांडी घासायला जाणारे आपले मुलगे दिसत होते. गावातच भांडी घासली तर निदान संध्याकाळी घरी जेवतील, एवढाच माझा हिशेब. तू मात्र दोन्ही बाजूंनी बोलायचास, समोर कोण आहे ते बघून. पहिल्या वर्षी आंबोलीवरून पाऊस उतरला आणि त्यांचे वाळूचे खड्डे धुऊन ती परदेशी दिसणारी पांढरी वाळू थेट वहिनीच्या भाताच्या मळ्यात आणून टाकली. तेव्हा तू बांधावर उभा राहून इतका हसलास की वहिनीनं तुझ्या अंगावर खुरपं फेकलं. ‘‘गोवा घरात इलो गो!’’ म्हणत होतास. नंतर त्यांच्या साहेबांना घेऊन तूच तिथे आलास, वाळू उपसून दिलीस, आणि पावसाचे चार महिने मैदान बंद ठेवायचं असं त्यांना पटवलंस. दोन्ही बाजूंनी बोलणारा माणूस असा उपयोगी पडतो. हे तेव्हा मी म्हटलं नाही.

आणि ती देवराई. सड्याच्या मधोमध झाडांचा तो एक पुंजका, आत राखणदाराचा दगड. मैदानाचा नकाशा करणाऱ्यांनी ती राखली, कारण तुम्ही अट घातली होती. पण ती खरी राखली गेली ती गोल्फच्या नियमानं. तिच्याभोवती त्यांनी पांढऱ्या खुंट्या मारल्या. पांढरी खुंटी म्हणजे हद्द. त्यापलीकडे गेलेला चेंडू मेला. एक फटका दंड, आणि जिथून मारला तिथूनच पुन्हा मारायचा. हे कळलं त्या दिवशी तू मुद्दाम फोन केलास. ‘‘बघितलंस? सायबांकय राखणदार आसता!’’ शंभर वर्षं आपण लोकांना सांगतोय की तिथे पाय ठेवू नका, आणि गावचीच पोरं चोरून लाकडं तोडून आणायची. चार खुंट्या मारल्या आणि मुंबईचे शेठ हद्दीवरून मान वाकवून परत फिरायला लागले.

पण मग चेंडू आत साठायला लागले.

साहेब आत जाईनात, कारण खुंट्या. गावची माणसं उचलीनात, कारण देवराईतली काटकीसुद्धा बाहेर आणायची नाही. दोन्हीकडच्या नियमांच्या मधे ते चेंडू पडून राहिले. पाचोळ्यात, मुळांच्या बेचक्यांत, राखणदाराच्या पायाशी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं अळंबी उगवली.

‘‘उचला ते,’’ मी म्हटलं. ‘‘प्लास्टिक आहे. कुजणार नाही.’’

‘‘देवरायतला भायर काढूचा नसता.’’

‘‘जे देवराईत उगवलं ते. चेंडू काय झाडाला लागला?’’

‘‘पडलो थंय म्हणजे देवाचो.’’

‘‘उद्या विमान पडलं तर?’’

‘‘तर देवाक विमान,’’ तू म्हणालास आणि सुपारी तोंडात टाकलीस.

हे भांडण आपण दर राखणीला केलं. अर्धवट ठेवून जेवायला बसायचो. यंदाचं राहिलं.

दुसरं भांडण जुनं होतं, आणि त्यात मी तुला जास्त टोचलं. जमीन द्यायची की नाही यावर गावानं राखणदाराचा कौल घेतला होता. गुरव दगडाच्या दोन्ही खांद्यांना भिजवलेल्या कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी तेव्हा कसालला होते, माहेरवाशिणीला कौलाचं बोलावणं नसतं. पण वहिनीनं सांगितलं की पहिला कौल डावा पडला आणि तू परत लावायला लावलास. दुसरा उजवा पडला.

‘‘देवाला दोनदा विचारणारा माणूस,’’ मी तुला म्हणायची. मला देवाशी काही देणंघेणं नाही, पण नियमाशी आहे. एकदा विचारलं, उत्तर आलं, संपलं.

‘‘कळी ओली होती,’’ तू म्हणायचास.

‘‘कळी ओलीच असते. नाहीतर चिकटेल कशी?’’

‘‘जास्त ओली होती.’’ मग गोल्फ आल्यावर तुला नवीन उत्तर सापडलं. ‘‘दंड भरलो काय परत मारूक मिळता. सायबांचो कायदो आसा.’’ तू दंड कुठला भरलास असं मी विचारलं तर म्हणालास, ‘‘तां तुका एक दिस सांगतंय.’’ तो दिवस तू आणला नाहीस.

एक गोष्ट मी विचारली नाही. सडा गेल्यावर गुरं चारायला जागा उरली नाही, आणि तू बैल काढलेस. मी भातकापणीला आले तर गोठा झाडून स्वच्छ, दावी खुंटीला गुंडाळून टांगलेली. तू ती दावी कुणाला दिली नाहीस. क्लबची टोपी तू रोज त्याच खुंटीला, त्या दाव्यांवर, अडकवायचास. मी पाहिलं आणि चहा मागितला. विचारलं असतं तर तू काहीतरी विनोद केला असतास. तेवढंही मी तुला करू दिलं नाही.

असो. परवाचं सांगते.

घरापुढच्या खळ्यात सगळे बसले होते. एका बाजूला काका, आपली भावकी, दाढ्या वाढलेल्या. दुसरीकडे गावातली बाकीची घरं. गुरवकाका खांबाला टेकून. आणि प्लास्टिकच्या खुर्चीत क्लबचा नवा मॅनेजर, भला माणूस, तुझ्या फोटोला घालायला हार घेऊन आलेला. राखण अमावास्येची, अमावास्या सुतकात. गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं आपल्या घराण्याशिवाय कोणी घालत नाही, आणि आपलं घराणं अख्खं सुतकात. त्यात त्याच दिवशी क्लबवर बाहेरगावचे पाहुणे स्पर्धेला येणार होते.

मॅनेजर हळू आवाजात म्हणाला, ‘‘तुम्हाला त्रास नको म्हणून सुचवतो. यंदा आम्ही आमच्या गेटपाशी भटजी बोलावून पूजा करू. प्रसाद घरोघर पाठवू. आणि सोयीचं वाटलं तर पुढच्या वर्षीही तसंच करू. एवढ्या लोकांनी मैदानातून चालत जायला नको.’’

काका म्हणाले, ‘‘वायट नाय.’’ आणखी दोघांनी माना हलवल्या. कुणाच्याच मनात काही वाईट नव्हतं, दादा. दमले होते सगळे. पण मला धडधडीत दिसलं. यंदा गेट. पुढल्या वर्षी गेट. त्याच्या पुढल्या वर्षी कोणाला आठवणारही नाही की पहिल्या खड्ड्याच्या बाजूनं, तळ्याच्या कडेनं, आपली वाट होती. देव मला ठाऊक नाही. वाट ठाऊक आहे. मोडलेली वाट परत मिळत नाही, हे हायवे रुंद झाला तेव्हा कसालमध्ये आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

मी काही बोलायच्या आत गुरवकाकांनी खाकरून घसा साफ केला.

‘‘वाट बंद केलास तर जमीन दिलेली फुकट,’’ ते म्हणाले. ‘‘कौल वाटेचो आसा.’’

‘‘म्हणजे?’’ मी विचारलं.

‘‘तुका म्हायत नाय? पयलो सवाल होतो, जमीन देवू काय. डावो पडलो. मगे तुझो भाव उठलो. माका म्हणालो, काका, सवाल चुकलो. दुसरो सवाल त्येनाच सांगल्यान. वरसातून एकदा सगळो गाव तुझ्याकडे चलत येतलो, जीव आसा तोपर्यंत वाट सोडूचो नाय, ह्या अटीर देवू काय? आणि आपल्या गळ्यार हात ठेवन सांगल्यान, वाट चुकली तर दंड माझ्यार. मगे उजवो पडलो.’’

भावकीतल्या जाणत्यांना हे माहीत होतं. मला नव्हतं. इतकी वर्षं मी तुला ‘दोनदा विचारणारा’ म्हणत राहिले, आणि तू कळीवर ढकलत राहिलास. मेल्या, दोनदा विचारलं नव्हतंस तू. दुसरं विचारलं होतंस.

‘‘पण गाऱ्हाणा घालतलो कोण?’’ काका म्हणाले.

गुरवकाकांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘ह्या तुमच्याच घरातला चेडू, तुमची लेक. तीन दिसांत सुतकातसून सुटलला.’’

‘‘बायलमाणूस गाऱ्हाणा घालतला?’’

वहिनी आत पडवीत बसली होती. बाहेर न येता म्हणाली, ‘‘मगे तुमी घाला, मामंजी. दाढी घेवनच जावा. देव वळाखतलो.’’

कोणीतरी हसलं. तू गेल्यापासून त्या खळ्यात पहिल्यांदा कोणी हसलं. काका पण हसले, आणि हसलेल्या माणसाला विरोध करता येत नाही.

मी मॅनेजरला म्हटलं, ‘‘साहेब, तुमचे पाहुणे खेळू देत. राखणीच्या दिवशी दादा गट पहिल्या जागेवरून सोडायचा नाही, दहाव्यावरून सोडायचा. आम्ही तळ्याकडून जाऊन देवराईत पोचेपर्यंत तुमची माणसं पलीकडच्या अंगाला असतात. ती फिरून या बाजूला यायच्या आत आम्ही घरी जेवत असतो.’’

तो म्हणाला, ‘‘हे मला कुणी सांगितलंच नाही.’’

‘‘सांगणारा गेला,’’ मी म्हटलं. ‘‘म्हणून मी सांगतेय.’’

तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘ताई, मग वाट तीच राहू दे. मीही येतो.’’

अमावास्येच्या सकाळी आम्ही निघालो. पुढे गुरवकाका, मग मी नारळ घेऊन, मागे कोंबडा बगलेत धरलेला माणूस आणि त्यामागे गाव. आपली भावकी सुतकातली म्हणून मैदानाच्या कडेला, कुंपणापाशी उभी. त्या कापलेल्या गवतावर अनवाणी चालताना पायाला काही लागत नाही, हे मला फार चुकीचं वाटत होतं. आपल्या सड्यावर पायाला लागायचंच. तुझी खुर्ची छत्रीखाली रिकामी होती. मी तिकडे बघितलं नाही असं नाही.

पांढऱ्या खुंट्या ओलांडून आत गेलो. गार, काळोखी, आणि पाचोळ्यात चेंडूच चेंडू. यंदा तर राखणदाराच्या खांद्याशी एक अडकून बसला होता.

गाऱ्हाणं मला येत नाही असं मी धरून चालले होते. पण तू इतकी वर्षं बोललेलं माझ्या कानात होतं. ‘‘बा देवा म्हाराजा,’’ मी म्हटलं. आवाज माझा, चाल तुझी. ‘‘व्हय म्हाराजा!’’ मागून सगळे. ‘‘आज ह्या गावान तुझी राखण आणली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा.’’ ‘‘व्हय म्हाराजा!’’ ‘‘जो दर वरसा हयसर उभो रवान बोलायचो, तो आज नाय. त्येच्या जागेर त्येची भयण उभी आसा. काय चुकला माकला तर पोटात घाल रे म्हाराजा.’’ ‘‘व्हय म्हाराजा!’’ ‘‘रानात, वाटेर, घाटात, गोव्याक आणि मुंबैक, जंय जंय तुझी लेकरा आसत, थंय त्येंका सांभाळ रे म्हाराजा.’’ ‘‘व्हय म्हाराजा!’’ मॅनेजरही म्हणत होता, अर्धा शब्द मागून.

गुरवकाकांनी कळ्या भिजवल्या. ‘‘काय इचारूचा आसा तुका?’’

मला वाटेचं विचारायचं होतं. पण समोर तो खांद्याशी अडकलेला चेंडू दिसला आणि मी म्हटलं, ‘‘हे चेंडू भायर काढूक देतंस काय, ता इचारा.’’ मागे खसखस पिकली. तुझंमाझं भांडण सगळ्या गावाला पाठ आहे.

कळ्या लावल्या. डावी लगेच पडली.

इतकी लगेच की मला तुझा आवाज ऐकू आला. जिंकल्यावर तू जसा सुपारी चघळत नुसताच बघायचास, तसा दगड बघत होता. मी हात जोडले आणि खरं तर परत फिरायला हवं होतं. एकदा विचारलं, उत्तर आलं, संपलं.

‘‘काका,’’ मी म्हटलं, ‘‘परत लावा.’’

गुरवकाकांनी दुसऱ्या कळ्या घेतल्या.

‘‘चेंडू रवांदेत तुझ्याकडे,’’ मी दगडाला म्हटलं. ‘‘ही वाट आमी चलत रवतलो. दादा नाय तरी. वरसाक मी येतलंय, माझ्या मागसून जो कोण आसात तो येतलो. चुकला तर दंड माझ्यार. चालात?’’

या वेळी कळी पडेना. आम्ही उभे राहिलो. झाडांच्या पलीकडे कुठेतरी चेंडू मारल्याचा तो टक् असा सुका आवाज आला आणि मग कोणीतरी हळहळलं. त्याचाही हद्दीपार गेला असावा. कोंबडा बगलेत गप्प होता. वाऱ्यानं वरून एक पान पडलं, पण कळी नाही. मग ती उजवी निसटली आणि घरंगळत चेंडूंमध्ये जाऊन पडली.

गाव बाहेर निघाल्यावर मी एकटी मागे राहिले. डावी पडलेली पहिली कळी पाचोळ्यात होती. वाकून ती उचलली, बोटांत धरून पाहिली आणि परत जिथल्या तिथे ठेवली, कारण देवराईतलं बाहेर काढायचं नसतं.

दादा, ती जरा जास्तच ओली होती.